वृंदाची पत्रिका चारशे जणांना

माझ्या धाकट्या बहिणीचे पाच दोष मी एका सोमवारी सकाळी चारशे अनोळखी पुरुषांना कळवले. हेतू चांगला होता. (माझा हेतू नेहमीच चांगला असतो. घरचे त्यालाच घाबरतात.)

तेव्हा आम्ही फरीदाबादला नुकतेच राहायला गेलो होतो. बाबा केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त झाले, दिल्लीतल्या सरोजिनी नगरचं क्वार्टर सुटलं आणि आई, बाबा, मी आणि वृंदा अशी चौघं सेक्टरमधल्या नव्या फ्लॅटमध्ये आलो. तिथे पाणी दिवसाआड यायचं, पण इंटरनेट आलं होतं! मी दिवसा ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या कारखान्यात नोकरी करायचो आणि उरलेल्या वेळात लिनक्सची भक्ती.

लिनक्स म्हणजे जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेली आणि फुकट वाटलेली ऑपरेटिंग सिस्टिम. तिच्या भारतातल्या भक्तांचा एक ई-मेल गट होता. एका पत्त्यावर पत्र टाकलं की ते सगळ्या चारशे जणांना जायचं. गटाचा एक कडक नियम होता : दोष लपवायचा नाही. आपल्या प्रोग्रॅममध्ये काय काय बिघडतं ते क्रमांक घालून आधीच जाहीर करायचं. लपवणाऱ्याची तिथे सालटी काढली जायची. हा नियम मला इतका पटला होता, की शेजाऱ्यांना जुना कूलर विकताना मी त्याचे नऊ दोष सांगितले. कूलर अजून आमच्याकडेच आहे.

गटात नोएडाचे दातार म्हणून एक गृहस्थ होते. माझ्या कॉम्प्युटरचं साउंड कार्ड चालत नव्हतं आणि ते आठ दिवस चिकाटीने उपाय सुचवत होते. चौथ्या उपायाखाली त्यांनी सहज लिहिलं, ‘तुम्ही मराठी दिसता. माझ्या धाकट्या भावासाठी, अविनाशसाठी, स्थळं बघतोय. कुणी असेल तर कळवा.’

मी खुर्चीतून उठलोच! वृंदा सत्तावीस वर्षांची झाली होती. पुण्याच्या लोकांना ती ‘फार दिल्लीची’ वाटायची आणि दिल्लीतली मराठी स्थळं संपत आली होती. आईने तर देवाशी बोलणंच सोडलं होतं.

“बाबा, नोएडाचं स्थळ आहे!”

“कुणाच्या ओळखीचं?”

“साउंड कार्डवाल्यांच्या.”

“माणूस कसा आहे?”

“आठ दिवस माझ्याशी न चिडता बोलतोय.”

“मग पाठव लगेच पत्रिका!” बाबा म्हणाले. “अशी माणसं राहत नाहीत.”

ऑफिसच्या स्कॅनरवर मी पत्रिका स्कॅन करून आणली. शिक्षण, उंची, गोत्र, घरचा फोन नंबर सगळं लिहिलं. आणि मग माझं मन मला खायला लागलं. इतक्या सज्जन माणसापासून दोष लपवायचे? कूलरला एक न्याय आणि बहिणीला दुसरा? मी खाली मथळा दिला, ‘माहीत असलेले दोष’.

१. राग लवकर येतो. सकाळी चहाच्या आधी जास्त.
२. पोळ्या करते. गोल होतील याची खात्री नाही.
३. मराठीत अडली की हिंदीत शिरते. चिडली की पूर्णच हिंदी.
४. वाद हरली की दोन दिवस बोलत नाही. जिंकली तर चार दिवस बोलते.
५. मागच्या मुलाला ‘घोरतो’ म्हणून नकार दिला. खरं कारण त्याच्या मिशा.

हे सगळं टाइप करायला सोपं म्हणून मी इंग्रजीत लिहिलं. (वाचायला सगळ्या देशाला सोपं गेलं.) दातारांच्या पत्राला ‘उत्तर’ असं बटण दाबलं आणि हलक्या मनाने कामावर गेलो.

दातारांनी गटावर लिहिलं होतं. उत्तरही गटालाच गेलं. विषयसुद्धा मी बदलला नव्हता : ‘साउंड कार्ड – आवाज येत नाही, मदत करा.’

संध्याकाळी एकतीस उत्तरं आली होती. मद्रासहून : ‘एवढं मोठं चित्र गटावर पाठवू नये. तुमची कुंडली उतरवायला माझा फोन वीस मिनिटं अडकला.’ कानपूरच्या विद्यार्थ्याकडून : ‘दोष क्रमांक चार माझ्याही बहिणीत आहे. उपाय सापडला का?’ लखनौहून : ‘राग नेमका कशाने येतो? पायऱ्या लिहून पाठवा, इथे करून बघतो.’ म्हैसूरच्या एका वडीलधाऱ्यांनी कुंडली नीट वाचली होती : ‘मंगळ नाही, निश्चिंत राहा. साउंड कार्डाचं मात्र कठीण दिसतं.’

गट चालवणाऱ्या सरदारजींना मी घाबरून फोन लावला.

“भाईसाहब, ये क्या डाल दिया यार!”

“काट दीजिए ना, प्लीज!”

“कहाँ से काटूँ जी? सबके घर पहुँच गई!”

दातारांचं मात्र काहीच उत्तर नव्हतं. स्थळ गेलं, आणि माझ्यामुळे गेलं. मी फोनची तार पुन्हा कॉम्प्युटरला जोडून, इंटरनेट लावून त्यांच्या पत्राची वाट बघत बसलो. तेवढ्यात वृंदा ऑफिसातून आली. हातात छापलेला कागद होता.

“दादा,” ती अगदी शांतपणे म्हणाली, “ये क्या है?”

(क्रमांक तीन.)

“अगं, ते एकाच माणसाला...”

“हमारे कंप्यूटर वाले मिश्राजी ने लंच में सबको पढ़के सुनाया! मेरे सामने! कैंटीनवाला पूछ रहा था, मैडम, रोटी गोल नहीं बनती?”

“पोळ्यांचं कशाला लिहिलंस रे?” आई कळवळली. “शिकवल्यात मी ना!”

बाबांनी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं. “मिशा? वृंदा, म्हणजे तो घोरत नव्हता? मी त्याच्या वडिलांना नाक-कान-घशाचा डॉक्टर सुचवला होता!”

“बाबा, सॉरी ना...”

“त्यांनी दाखवलंही!” बाबा कपाळाला हात लावून म्हणाले. मग त्यांची नजर कॉम्प्युटरकडे गेली. “आणि तू, काढ ती तार! तासभर फोन बंद करून ठेवलायस!”

मी तार काढली. त्याच क्षणी फोन वाजला. बाबांनी उचलला, ऐकलं, आणि रिसीव्हर वृंदापुढे धरला. “अविनाश दातार. तुझ्याशीच बोलायचंय म्हणतो.”

आम्ही तिघं तिच्याभोवती उभे राहिलो.

“हां, बोलतेय... नाही, राग संध्याकाळी पण येतो. आत्ता आलेलाच आहे... बिल्कुल खरंय, पाचही... म्हणजे? बाकी सगळ्या पत्रिकांतल्या मुली सुस्वभावी, गृहकृत्यदक्ष? सोळाच्या सोळा?” ती चक्क हसली! “अच्छा, मग तुमचे सांगा. रुको, कागज़ लेती हूँ.” तिने माझाच कागद उलटा केला आणि पेन घेतलं. “एक... दोन... हे दोष नाही, ही बढाई आहे, दुसरा सांगा... तीन...”

सातपर्यंत गेली. मग म्हणाली, “और मूँछें?”

पलीकडे बराच वेळ काहीतरी समजावणं चाललं होतं. “ठीक आहे,” वृंदा म्हणाली. “रविवारी या. मिशा काढून.”

लग्न त्याच हिवाळ्यात झालं. दातारांनी गटावर आमंत्रण टाकलं तेव्हा म्हैसूरच्या वडीलधाऱ्यांनी तारेने आशीर्वाद पाठवले.

दोन वर्षांनी माझ्यासाठी स्थळं बघायची वेळ आली. बाबांनी इंटरनेटचा मॉडेम काढून कपाटात ठेवला आणि किल्ली वृंदाकडे नोएडाला पाठवली. त्यामुळे माझ्या बायकोला आधी काहीच कळलं नाही. माझे दोष तिला लग्नानंतर एकेक करून स्वतःच शोधावे लागले. पंचवीस वर्षं झाली. काम अजून चालू आहे!