केसाएवढी शिरोरेषा

बसस्टॉपसमोरच्या साड्यांच्या दुकानाची पाटी मी रोज बघते. तिची अक्षरं मीच बसवलीत. उंच, अंग चोरून उभी, काने जाडजूड आणि शिरोरेषा केसाएवढी बारीक. दुकानाच्या शेठच्या मुलीच्या लग्नपत्रिकेवर हेच वळण राजेशाही दिसलं होतं. पाटीवर मात्र रस्त्यापलीकडून बारीक रेघा उन्हात विरतात, नुसते खांब उरतात. मी तसं बजावलं होतं. शेठ गिऱ्हाइकांसमोर म्हणाले, "अक्कल शिकवू नका, बाई. सांगितलंय तेवढं करा." तेवढंच केलं. त्यांचं बोलणं मात्र अजून विरलेलं नाही. आज स्टॉपवर शेजारी उभ्या बाईंनी डोळे बारीक करून विचारलं, "त्या दुकानाचं नाव काय हो?"

मला पाठ होतं. म्हटलं, "वाचताच येत नाही, ताई."