अक्कांची दुलई आणि आवडीचं ऊन

पुण्यात भाचीच्या लग्नघरी रुखवताची मांडामांड चालली होती, तेवढ्यात चेन्नईहून पार्वती मामींचा फोन आला. मामी चेन्नईजवळच्या आवडी गावातल्या आमच्या इमारतीत तळमजल्यावर राहतात. एरवी त्या आधी जेवणाचं विचारतात. त्या दिवशी नुसतं म्हणाल्या, "सुनंदा, अक्का पोयिट्टांग." अक्का गेल्या. आमच्या समोरच्या घरातल्या अक्का. सकाळी कॉफीच्या वेळेला दार उघडलं नाही, म्हणून मामींनी आपल्याकडच्या किल्लीने उघडलं, तर अक्का झोपेतच... मी आत बहिणीला सांगायला गेले आणि माझ्या तोंडून निघालं, "दुलईवाल्या अक्का गेल्या गं." तिला लगेच कळलं. कारण अक्कांच्या दुलईची गोष्ट मी आमच्या गोतावळ्यात प्रत्येकाला सांगितलेली आहे, आणि ऐकणारा हसला नाही असं एकदाही झालेलं नाही.

नवऱ्याच्या कारखान्यातल्या नोकरीमुळे आम्ही साताऱ्याहून आवडीला आलो. पहिल्याच दिवशी समोरच्या दारातून प्रश्न आला, "अस्के जेवले काय गे?" अस्के म्हणजे सगळे, हे मला नंतर कळलं. अक्का तंजावरच्या मराठी घराण्यातल्या. शब्द आपले, पण वाक्याची चाल तमिळ. माझी मराठी त्यांना रेडिओवरच्या बातम्यांसारखी वाटायची, आणि त्यांची मला पणजीच्या तोंडची. मुलींच्या शाळेत त्यांनी जन्मभर भूगोल शिकवला. टुंड्रा, हिमनद्या, बर्फाची वादळं, सगळं काही फळ्यावर, आणि तेही घामाने पाठ भिजलेली असताना. स्वतः बर्फ पाहिला तो फ्रिजमधला. यजमान गेल्यावर कॅनडातला मुलगा रघू दरवर्षी बोलवायचा आणि अक्का दरवर्षी म्हणायच्या, "त्या थंडीत मी राहीन काय? माझं रक्त गोठेल रे."

शेवटी रघूने एक भलंमोठं पार्सल पाठवलं. आत पांढरीशुभ्र दुलई होती, हलकी इतकी की हातात काही आहे असं वाटू नये. फोनवर म्हणाला, "अम्मा, एसी लावून हिच्याखाली झोपून बघ. झोप लागली तर नोव्हेंबरात इकडे यायचं." अक्कांनी हे आव्हान परीक्षेसारखं घेतलं. रोज सकाळी मला निकाल कळायचा. "काल बाविसावर झोपले. आज विसावर." अठरापर्यंत पोहोचल्यावर त्यांनी भिंगाने लेबल वाचलं आणि थेट माझ्या स्वयंपाकघरात आल्या. "सुनंदा! आत बदकाची पिसं आहेत! मी बदक पांघरून झोपत्ये!" दोन-तीन दिवस दुलई बाहेर खुर्चीवर पडून होती. मग मी म्हटलं, "अक्का, मेंढीची लोकर चालते, मग बदकानेच काय घोडं मारलंय?" त्या विचारात पडल्या. "मेंढी जिवंत असते गे," असं पुटपुटल्या खऱ्या, पण दुलई पुन्हा आत गेली.

आणि ऐन मे महिन्यात तिच्यावर कॉफीचा भरलेला टंबलर उपडा झाला. लाँड्रीवाल्याने चाचपून पाहिली आणि परत केली. 'असलं काही आम्ही धूत नाही' म्हणाला. मशीनमध्ये ती अर्धीसुद्धा मावेना. मग आम्ही दोघी पदर खोचून बाथरूममध्ये शिरलो. मोठ्या टबात पाणी, त्यात थोडं शाम्पू, आणि त्यात दुलई... पण ती बुडायलाच तयार नाही! एक कोपरा दाबला की दुसरा फुगून वर येई. "बदकच ते, पोहणारच!" म्हणत अक्का साडी गुडघ्यापर्यंत घेऊन टबात उतरल्या आणि तुडवायला लागल्या. मी त्यांचा हात धरून हसता हसता भिंतीला टेकले होते. फेस निघता निघेना. पिळायची तर नाही, नुसती दाबून दाबून पाणी काढायचं. ओली झाल्यावर मात्र तिचं वजन असं वाढलं, की टब दोघींनी धरून जिना चढताना प्रत्येक मजल्यावर टेकावं लागलं.

गच्चीवर कत्तिरीचं ऊन होतं. इकडे मे महिन्यातल्या सगळ्यात कडक उन्हाला कत्तिरी म्हणतात, आणि तेच वडाम घालायचे दिवस. वडाम म्हणजे आपल्या कुरडया-सांडग्यांचे भाऊबंद. पार्वती मामींनी अर्धी गच्ची अडवून जुन्या वेष्टीवर, म्हणजे इकडच्या धोतरावर, पांढऱ्या वडामांच्या रांगा घातल्या होत्या. आम्ही दोन दोऱ्यांवर दुलई पसरली. तुडवताना तिची एक शिवण उसवली होती, ते आमच्या लक्षातच आलं नाही. दुपारी समुद्रावरचा वारा सुटला आणि वर जाऊन पाहते तो काय, मामींच्या ओल्या वडामांवर बारीक पिसं बसलेली!

मामी कांदासुद्धा वार बघून खाणाऱ्या. मी अक्कांना म्हटलं, हळूच वेचून टाकू या का? "छे!" अक्का म्हणाल्या आणि तशाच खाली जाऊन मामींना सांगून आल्या. पिसं बदकाची, हेही सांगितलं. मामींचा आवाज तिसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू आला. दुसऱ्या दिवशी पहाटे अक्का स्वतःकडचे तांदूळ घेऊन त्यांच्या दारात उभ्या राहिल्या. पीठ शिजवून, त्यात हिरवी मिरची आणि हिंग घालून, पुन्हा सगळे वडाम त्यांनी मामींच्या शेजारी बसून घातले. मामी त्यांच्याशी एक अक्षर बोलल्या नाहीत.

दुलईची उसवलेली शिवण मी घातली, पण ती काही वाळेना. वरून कोरडी, आत मात्र पिसांचे गच्च गोळे झालेले, ओल्या इडलीसारखे. वासही तळ्याकाठचा. चेन्नईची दमट हवा, त्यात संध्याकाळ झाली की आत आणायची, सकाळी पुन्हा वर. तिसऱ्या दिवशी अक्का पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसल्या आणि एकदम हळू आवाजात म्हणाल्या, "सुनंदा, ही वाळली नाही तर... मला जायला नको, नव्हे?" तेव्हा मला कळलं. बावीस, वीस, अठरा, तो सगळा धीर वरवरचा होता. थंडीचं नुसतं निमित्त. यजमानांशिवाय त्या कधी चेन्नईतल्याच तांबरमच्या पुढेही एकट्या गेल्या नव्हत्या.

मी काही बोलणार, तोवर मामी आल्या. वडाम उलटायला आल्या होत्या. त्यांनी ऐकलं होतं. दोरीपाशी जाऊन त्यांनी दुलईतला एक गोळा बोटांनी चाचपला, दोन्ही हातांत धरून चोळून मोकळा केला, मग दुसरा. आमच्याकडे न बघता तमिळमध्ये म्हणाल्या, "माझे वडाम घालवलेस आणि आता जाणार नाही म्हणतेस? गप्प जा, बर्फ बघून ये." अक्का पोट धरून हसल्या, आणि मग डोळे पुसले. आम्ही तिघी दोरीच्या दोन्ही बाजूंना उभ्या राहून गोळे फोडत होतो, थोपटत होतो, झटकत होतो. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ती दुलई अशी फुगली, की दोऱ्या दिसेनाशा झाल्या.

नोव्हेंबरात अक्का कॅनडाला गेल्या. पहिला बर्फ पडला तेव्हा त्यांनी व्हिडिओ कॉल केला. लाल कानटोपी, नाक त्याहून लाल. आम्ही दोघी इकडे मामींच्या पंख्याखाली. अक्कांनी फोन आभाळाकडे फिरवला. मग म्हणाल्या, "याला आवाज नाही गे! इतका पडतो, आणि आवाज नाही. मी मुलींना हे कधी सांगितलंच नाही." त्यानंतर आणखी दोन हिवाळे त्या आपणहून जाऊन आल्या, एकट्याच.

आता मी पुण्याहून परतले, रघूही आला होता; तेराव्यानंतर त्याने कपाटातून दुलई काढली. बंद राहून तिला कुबट वास लागला होता. मामींनी हुकूम सोडला, धुवायची. रघूने वेष्टी वर खोचली आणि टबात उतरला. मामी बाहेरून ओरडून सांगत होत्या, "जोरात नको, शिवण जाईल!" आणि तो आतून हसत होता, मधेच गप्प होत होता, पुन्हा हसत होता. ती पूर्ण वाळायला तीन-चार दिवस लागले. शेवटच्या दिवशी जेवायला बोलवायला मी समोर गेले तर दार उघडंच होतं. अक्कांच्या खोलीत एसी चालू होता आणि भर दुपारी रघू दुलईत गुरफटून गाढ झोपला होता, पाय पोटाशी घेऊन. मामी दाराशी उभ्या होत्या. मी हाक मारणार, तर त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

आम्ही दोघींनी जेवून घेतलं. त्याचं ताट झाकून ठेवलं.