पडद्यावरचा गुरुवार

गाडी गुरुवारी येणार, असं मी लिहिलं होतं. लिहिलं होतं हे आजही छातीवर हात ठेवून सांगेन. साठवलं नव्हतं, एवढंच.

केळीच्या कापणीला गाडी कधी येणार हे बागायतदारांना मोबाइलवर कळवणारा प्रोग्राम मी जळगावच्या एका लहानशा ऑफिसात सांभाळतो. यंदा उजवा खांदा आखडला आणि डॉक्टरीणबाईंनी माउस बंद केला. मग टर्मिनलच्या काळ्या पडद्यावर, मजकूर लिहायला-खोडायला नुसत्या कळांनी चालणारा एडिटर शोधणं आलं. दोन सापडले, नॅनो आणि विम. नॅनोत काय करायचं ते खाली लिहूनच येतं. विममध्ये काही म्हणजे काही लिहून येत नाही. ऑफिसात माझ्या निम्म्या वयाची एक मुलगी आहे, ती विम वापरते. तिची बोटं बघत राहावीत अशी चालतात. मीही विमच निवडला. पन्नाशीत ऐट करायला दुसरं उरलंय काय!

विममध्ये लिहिणं वेगळं आणि हुकूम देणं वेगळं. हुकूम इंग्रजी अक्षरांत, आमचे मेसेज मराठीत. म्हणजे कीबोर्ड मराठी करा, लिहा, परत इंग्रजी करा. दिवसभर हेच. त्या मंगळवारी दमून गेलो होतो. गाडी एक दिवस पुढे गेली म्हणून बुधवार खोडून गुरुवार लिहिला आणि साठवायचा हुकूम मराठी कीबोर्डवरच बडवला. विमला तो कळला नाही. पडद्यावर मात्र गुरुवार दिसत होता. मी एडिटरची खिडकी बंद केली आणि घरी गेलो. प्रोग्रामने आपल्या वेळेवर जुना मेसेज धाडला.

बुधवारी सकाळी फैजपूरहून मेव्हण्याचा फोन.

“दाजी, गाडी कुठे अडकली? मजूर लावून बठ्ठे घड उतरवले ना मी, एकबी ठेवला नाही!”

“अरे, गाडी उद्या आहे.”

“मेसेजमध्ये तर आज हाये.”

त्याने मेसेज वाचून दाखवला. मग म्हणाला, “पानं झाकतो वरून. बघू.”

यादीत आणखी दोन बागा होत्या. त्या दोघांनी ऑफिसला फोन करून खात्री केली होती, म्हणून वाचले. मेव्हण्याने केली नाही, कारण मेसेज दाजींच्या ऑफिसातला होता.

दुपारपर्यंत मी नशिराबादपासून चाळीसगावपर्यंत गाडीसाठी फोन केले. एकही रिकामी नव्हती. गुरुवारी ठरलेली गाडी आली आणि व्यापाऱ्याने उन्हाने काळवंडलेले घड बाजूला काढले. मी माफी मागितली तर मेव्हणा म्हणाला, “होतं असं, दाजी.” चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

ऑफिसात त्या मुलीला सगळं सांगितलं.

“सर, मराठी फाइल विममध्ये उघडली तुम्ही?” ती म्हणाली. “मी तर ती नॅनोतच उघडते.”

आता मीही नॅनोवर आहे. बदल साठवला नसेल तर वरच तसं लिहून येतं, आणि न साठवता निघालो तर तो विचारतो. संध्याकाळी चहा घेताना बायकोला हे सगळं समजावून सांगितलं. नवा एडिटर किती सुरक्षित आहे, तेही जरा रंगवून सांगितलं. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“घड गेले ते गेले,” ती म्हणाली. “आता माझा भाऊही बाकीच्यांसारखा फोन करून विचारेल, बघा.”