चुनरीची गाठ

देवीवरचा माझा विश्वास कधी डळमळला असेल, तर तो २०१७च्या दसऱ्यानंतर. आगरहून तलासरीच्या बाजाराला सुकी मासळी नेणारी माझी जुनी गाडी आपोआप पळू लागली. पाय उचलला तरी वेग उतरेना. सरावलीच्या वळणावर एक बकरी थोडक्यात वाचली आणि घरी दीर म्हणाले, "वहिनी, उद्या माणूस असेल. काढून टाका ही." नवऱ्यामागे याच गाडीवर मी घर चालवलं होतं. ती गेली की माझा बाजारच संपला. मी देवीवर चक्क रुसले.

डहाणूच्या दोन मिस्त्रींनी कार्बोरेटर साफ केला, ॲक्सिलरेटरची केबल नवी टाकली. दोन दिवस बरं चाले, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

शेवटची फेरी म्हणून निघाले, तर तलासरीच्या अलीकडे गाडी उधळलीच. गिअर काढून, ब्रेकवर उभी राहून कशीबशी चहाच्या टपरीपाशी थांबवली आणि किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. टपरीवरचे एक म्हातारे गृहस्थ कप ठेवून जवळ आले.

"बेन, कधीपासून पळते ही अशी?"

"दसऱ्यापासून."

"मग दसऱ्याला काय केलं हिला?"

इतक्या दिवसांत हे कुणी विचारलंच नव्हतं. पूजा केली होती. गाडी सांभाळ म्हणून महालक्ष्मीची चुनरी आणून इंजिनापाशी बांधली होती. बॉनेट उघडलं. चुनरीच्या किनारीची जरीची तार सुटून केबलच्या टोकाला गुंडाळली होती, त्यामुळे केबल मागे फिरत नव्हती. दोन्ही मिस्त्रींनी चुनरीची गाठ सोडून काम केलं होतं, आणि मग नमस्कार करून पुन्हा तिथेच बांधली होती.

"देवीची ना, म्हणून कुणी बाजूला ठेवली नाही," ते हसले. "तुम्ही बांधली, तुम्हीच सोडा."

बोटं गाठीवर अडली. देवीलाच दूर करतेय असं वाटलं. तरी सोडली, अडकलेली जरीची तार त्यांनी हलकेच काढली. गाडी चालू केली, पाय दाबला, उचलला. इंजिन लगेच शांत झालं. मी वेड्यासारखं पुन्हा पुन्हा दाबून पाहिलं, हसत होते आणि रडतही होते. मान वर केली तेव्हा ते टमटममध्ये बसून निघाले होते. नाव विचारायचं राहूनच गेलं.

त्यांना कुणी पाठवलं, यावर मी वाद घालत नाही. चुनरी देवीच्या पायाशी ठेवून आले. म्हटलं, आई, तुझ्यावर सोपवते म्हणत मी तुलाच बांधून ठेवलं होतं. आता बॉनेटखाली काही बांधत नाही. सरावलीचं वळण आलं की पाय उचलते, गाडी आपसूक मंदावते, आणि माझे डोळे भरून येतात.