गाडीपुढे चाललेला आयव्हर

आयव्हर पार्जेटरनं उभ्या आयुष्यात किती लिमोझिनच्या मागच्या सीटा बांधल्या ते त्यालाही सांगता येणार नाही. पण चालत्या लिमोझिनमध्ये तो कधीच बसला नव्हता. कोव्हेंट्रीत अशी माणसं पुष्कळ आहेत. आमचं गावच तसं, गाड्या करायच्या आणि कामावर सायकलनं जायचं. आयव्हरचं प्रकरण मात्र वेगळं होतं. तो घाबरत होता. हे मी त्याला तोंडावर सांगितलेलं आहे, तेव्हा मी पाठीमागे बोलतोय असं कुणी समजू नये.

मी क्लेम हॅदरसेज. ट्रँटर नावाची अंत्यविधीचं काम करणारी जुनी पेढी आहे, तिचा ड्रायव्हर. आठवडाभर मयतं आणि शनिवारी लग्नं. गाडी तीच, काळी डेमलर. शनिवारी तिच्या नाकावर पांढरी रिबीन बांधायची, एवढाच काय तो फरक.

डेमलरची ही जात अडुसष्ट साली निघाली. कंपनीच्या आधीच्या दोन लिमोझिना म्हाताऱ्या झाल्या होत्या, त्या दोघींच्या जागी ही एकटी आली. पोटात जॅग्वारचं इंजिन, ज्याच्या थोरल्या भावंडांनी फ्रान्समधल्या चोवीस तासांच्या शर्यती मारल्या. मी ते इंजिन जन्मभर माणसाच्या पायी चालीनं हाकलं. समोर पन्हळी माथ्याची उंच जाळी. तिथून निघालेली रेघ दारांवरून सावकाश खाली उतरत जाते, मागच्या चाकावर पुन्हा उचलते आणि कुठे संपते ते कळतच नाही. सकाळच्या धुक्यात ती गाडी आमच्या अंगणात उभी असली की मला वाटायचं, ही कुणी केलेलीच नाही, रात्रीतून आपली आपण इथं येऊन थांबली आहे.

पण सगळं सुख मागे. माझी सीट भिंतीला टेकवलेल्या बाकासारखी ताठ, कारण पाठीशी काचेचा पडदा. मागे मात्र एवढी जागा की नवरीला फुगलेल्या झग्यासकट न वाकता उतरता येतं. बाकीच्या पाहुण्यांसाठी पडद्याच्या पायथ्याशी दुमडून ठेवायच्या खुर्च्या. आणि पुढे चामडं असलं तरी मागे लोकरीचं कापड. का, हे मला आयव्हरनं सांगितलं. "घोड्यांच्या काळात हाकणारा पावसात बसायचा, म्हणून त्याला चामडं. धनीण आत, तिला कापड. चामडं कुरकुरतं, क्लेम. रेशमी झगा त्यावरून घसरतो. कापड गप्प बसतं आणि बसलेल्याला धरून ठेवतं."

"म्हणजे मी अजून पावसातच बसलोय म्हण की!"

"तुझ्या चेहऱ्यावरून तसंच वाटतं," तो म्हणाला.

तो सीट बांधायचा ते बघण्यासारखं असे. स्प्रिंगा, त्यावर भरण, त्यावर कापड, आणि मग तळहातानं तो सगळीकडे दाबत फिरायचा, डोळे मिटून. उंच होता, आवाज खालचा, आणि बोलताना मधेच कुठेतरी निघून जायचा. बायको ऑलिव्ह म्हणायची, "आमचे हे घरी आलेत, पण अजून पोचले नाहीत." ती चर्चच्या सभागृहात चहाची मोठी किटली सांभाळायची. हसली की बशा वाजायच्या.

आता त्याच्या भीतीचं. डेमलरच्या काही गाड्यांचे नुसते सांगाडेच विकले जात. ते दुसरीकडे जात, तिथं त्यांच्यावर काचेची लांब पाठ चढे आणि त्यांच्या शववाहिका होत. नाक तेच, दिवे तेच, आवाज तोच. म्हणून कारखान्यात आयव्हरच्या खात्यातल्या जुन्या कारागिरांनी एक रीत पाडली होती. सीट तपासायला आत जायचं, पण दार उघडं ठेवायचं आणि एक पाय जमिनीवर. दार लावून जो मागे बसला, त्याला किंवा त्याच्या घरच्याला तिची बहीण न्यायला येते. बहीण म्हणजे शववाहिका. नवी पोरं यावर हसायची, पण पाय काही आत घ्यायची नाहीत.

एका उन्हाळ्यात कारखान्यानं घरच्या मंडळींना बघायला बोलावलं. ऑलिव्ह नवा फुलाफुलांचा झगा घालून आली आणि तयार गाडी दिसताच आत जाऊन बसली. आयव्हरला काय लहर आली कोण जाणे. त्यानं शोफरसारखं कमरेत वाकून दार लावलं. खात्यातली माणसं गप्प झाली. पुढच्या हिवाळ्यात ऑलिव्ह गेली. छातीचा आजार होता, डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, पण आयव्हरला डॉक्टर काय म्हणाले ते आठवत नव्हतं. त्याला फक्त दार लागल्याचा आवाज आठवत होता.

तिच्या अंत्यविधीला लिमोझिन मीच घेऊन गेलो होतो. तो फुटपाथवर उभा राहिला, नको म्हणाला आणि बस धरली. त्याची पोरगी मावशीच्या गाडीतून गेली. बस उलट्या बाजूची होती. तो कॅनलीच्या दहनगृहात पोचला तेव्हा शवपेटीपुढचा पडदा ओढून झाला होता आणि माणसं सँडविच खायला निघाली होती. मला त्याचा इतका राग आला की मी महिनाभर त्याच्याशी बोललो नाही. मग मीच जाऊन बोललो. काय करणार, शेजारी होता.

पोरगी गेनर. बापाची उंची आणि आईचं हसू. एक्क्याण्णवच्या जूनमध्ये तिचं लग्न ठरलं आणि तिनं सरळ आमच्या पेढीत येऊन डेमलर ठरवली. त्या संध्याकाळी आयव्हरच्या स्वयंपाकघरात मी चहा पीत होतो. दोघांची जुंपली तेव्हा पळून जावंसं वाटलं, पण मांस भरलेली पेस्ट्री नुकतीच कापली होती.

"टॅक्सी कर," आयव्हर म्हणाला.

"का? तुझ्या सीटवर बसून अख्ख्या गावाच्या पोरी लग्नाला गेल्या. मीच काय घोडं मारलंय?"

"गेनर, तुला माहीत आहे."

"मला माहीत आहे की आई आजारी होती! बाबा, नवरीशेजारी बाप बसतो. सगळ्यांचा बसतो. तू बसणार आहेस की नाही, एवढंच सांग."

तो टेबलावरच्या कापडावरून हात फिरवत राहिला. मग म्हणाला, "मी चर्चपाशी भेटतो तुला."

"जसा आईला भेटलास तसा?" ती म्हणाली आणि लगेच तिनं तोंडावर हात ठेवला. आयव्हर उठून मागच्या अंगणात गेला. मी पेस्ट्री तशीच टाकून घरी आलो. खाण तशी माती, दोघंही हट्टी. पण बोललेलं परत घेता येत नाही, आणि मला पोरीची काळजी वाटू लागली. बाप बाजूला नसलेली ती एवढी मोठी सीट, तिच्यावर ही एकटी कशी बसणार?

लग्नाच्या दिवशी सकाळी धुकं होतं. मग ऊन आलं, पण धुकं काही गेलं नाही. दोन्ही एकमेकांत मिसळून गल्लीत तरंगत राहिली, आणि आमच्या चॅपलफिल्ड्स भागातली घड्याळं बनवणाऱ्यांची जुनी घरं पाण्याखाली असल्यासारखी दिसू लागली. मी गाडी दारात लावली. गेनर पांढऱ्या झग्यात बाहेर आली. मागोमाग आयव्हर. भाड्याचा काळा शेपटीचा कोट, काळी उंच टोपी, हातात गुंडाळलेली छत्री. त्यानं मुलीला आत बसायला मदत केली, झग्याचा घोळ उचलून हळूच आत सारला. मग दारापासून मागे झाला. दार मलाच लावावं लागलं. त्यानं डोळे मिटून घेतले होते.

मी गाडी सुरू केली तर हा गडी गाडीच्या पुढे जाऊन उभा! रस्त्याच्या मधोमध. आणि चालू लागला.

मी काच सरकवून विचारलं, "बाजूनं काढू का गं?"

गेनर काचेतून बापाच्या पाठीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "नको, क्लेमकाका. त्याच्या चालीनं चला."

आता ज्यांना आमचा धंदा माहीत आहे त्यांच्या लक्षात आलंच असेल. आमच्याकडे मयत निघालं की पेढीचा माणूस काळा कोट, उंच टोपी घालून, हातात काठी घेऊन गाडीपुढे चालतो. तो चालला की वाहनं थांबतात. इथं काळी डेमलर, पुढे काळा कोट, आणि धुक्यात रिबीन कुणाला दिसतेय! कोपऱ्यावर दूधवाला होता, त्यानं गाडी बाजूला घेतली आणि टोपी काढली. पैजा लावायच्या दुकानासमोरची माणसं सिगारेटी मागे लपवून मान खाली घालून उभी राहिली. एका बाईनं छातीवर क्रॉसची खूण केली. बस थांबली, इंजिन बंद झालं, आणि आतली सगळी डोकी एकदम झुकली.

गेनर आधी हसली. "काका, हे लोक मला पोचवायला निघालेत हो!" मग तिचं हसणं थांबलं. एवढ्या वर्षांत मी कितीतरी जणांच्या मागून असा चाललो होतो, पण त्या दिवशीसारखं कधी वाटलं नाही. इंजिनाचा आवाज नव्हता. रस्त्यावर आवाज नव्हता. रस्त्याकडेच्या झाडांखालून आयव्हर पुढे, आम्ही मागे, आणि दोन्ही बाजूंना उघड्या डोक्याची माणसं. हा रस्ता कधी संपूच नये असं मला वाटलं, आणि असं वाटल्याची भीतीही वाटली.

पोस्टाच्या पेटीपाशी एक म्हातारा उभा होता, कोटावर सैनिकी बिल्ला. त्यानं टोपी छातीशी धरली आणि आयव्हर जवळ येताच हळूच विचारलं, "कोण गेलं, भाऊ?"

आयव्हर थांबला. मी ब्रेक दाबला. गेनरनं खिडकी खाली केली.

मला वाटलं आता तो सांगेल, अहो, लग्न आहे. पण तो म्हणाला, "माझी बायको."

"अरेरे. कधी?"

"नऊ वर्षं झाली."

म्हाताऱ्यानं आयव्हरकडे बघितलं. मग खिडकीतल्या पांढऱ्या झग्याकडे. "आणि ही?"

"ही मुलगी आमची. आज लग्न आहे तिचं."

"मग मी टोपी घालू की काढलेलीच ठेवू?" म्हातारा खरंच विचारत होता.

"थोडा वेळ तशीच राहू द्या," आयव्हर म्हणाला. "मी त्या दिवशी चाललो नव्हतो तिच्यापुढे."

म्हातारा ताठ उभा राहिला. आयव्हरनंही उंच टोपी काढली. रस्त्यावर सगळं तसंच थांबून होतं, कुणी हॉर्न वाजवला नाही. कोव्हेंट्रीला मी पुष्कळ शिव्या घालतो, पण त्या सकाळसाठी नाही घालणार.

"बाबा," गेनर म्हणाली. "त्या संध्याकाळी मी जे बोलले ते..."

"खरं बोललीस."

"मग आता तरी ये ना रे."

तो खिडकीपाशी आला. म्हणाला, "मी पुढे चाललो ते का ठाऊक आहे का? जे काही यायचं असेल ते आधी मला भेटावं. तुझ्यापर्यंत पोचायच्या आत."

"आणि आलं तर? मी इथं एकटीनं बसून बघू?" ती ओरडली, नाक पुसत, लग्नाच्या झग्यात. "त्यापेक्षा शेजारी बस की! दोघांना भेटू दे!"

मी खाली उतरून दार उघडायला निघालो होतो. आयव्हरनं हातानं मला थांबवलं. दार त्यानंच उघडलं. आत वाकला, आणि त्या सीटवर असा टेकला जणू खाली काय आहे ते त्याला ठाऊकच नव्हतं. मग एक पाय आत घेतला. दुसरा बराच वेळ बाहेर होता. गेनरनं त्याचा हात धरला. मग दुसराही आत आला, आणि त्यानं दार ओढून घेतलं.

म्हाताऱ्यानं टोपी घातली आणि मग हसून ती पुन्हा काढून हवेत हलवली. बसवाल्यानं हॉर्न दिला. मी डेमलरला अखेर थोडी धावू दिली, आणि धुकं दोन्ही बाजूंनी मागे सरकू लागलं.

आरशातून मागच्या माणसांकडे बघायचं नाही हा आमच्या धंद्याचा नियम आहे. मी बघितलं. आयव्हर तळहातानं कापड चाचपत होता, आणि त्याचा चेहरा असा झाला होता, जणू कुणीतरी त्याला लांबून हाक मारतंय.

"ती हसली होती," तो म्हणाला.

"कोण?"

"तुझी आई. त्या दिवशी दार लावल्यावर. मला नुसता दाराचाच आवाज आठवत होता गं, इतकी वर्षं. पण ती आत हसत होती. काच खाली करून मला म्हणाली, 'आयव्हर, आपण इथंच राहायला येऊ या का?'"

गेनरनं डोकं त्याच्या खांद्यावर टेकलं, केसांतली फुलं चुरगळली तरी. समोर चर्च दिसू लागलं होतं, पाद्री दारात उभा राहून घड्याळ बघत होता. मी त्याच्याकडे बघून मान हलवली आणि न थांबता गाडी पुढे काढली. शेजारच्या अख्ख्या अर्ल्सडन भागाला एक फेरी घालून आलो, अगदी सावकाश.