भाऊजींचा आवाज वजा करून

वर्धा जिल्ह्यात आजवर जेवढी वाक्यं अर्धवट राहिली असतील, त्यांतली निम्मी तरी माझ्या भाऊजींमुळे राहिली असावीत. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. रोहण्याला त्यांचं बी-बियाण्यांचं दुकान होतं. गिऱ्हाईकानं "मले ते..." एवढं म्हणायचा अवकाश, पुढचं वाक्य भाऊजी स्वतःच पुरं करत आणि पिशवी त्याच्या हातात देत. तुरीचं बियाणं मागायला आलेला एक माणूस कपाशीचं घेऊन घरी गेला होता. पुढच्या वर्षी तो "कपाशी बरी झाली" असं सांगून गेला आणि तेव्हापासून भाऊजींचा आत्मविश्वास कुणाच्याच हातात राहिला नाही. रस्त्यात अनोळखी ट्रॅक्टर मागे येताना दिसला, की सायकल भिंतीला टेकवून ते "येऊ दे, येऊ दे" करत उभे. अशीच एक ट्रॉली त्यांनी नालीत उतरवली आणि वर ड्रायव्हरलाच विचारलं, "काऊन बे, तुले आरसा नाई काय?" मयताच्या घरी भेटायला गेले, की गेलेल्या माणसाचे शेवटचे दिवस त्याच्या घरच्यांना भाऊजीच सांगत. त्यांच्या मनात वाईट काही नसायचं. समोरचा माणूस अडखळतो आहे, त्याला हात द्यावा, एवढाच त्यांचा भाव.

माझ्या ताईला त्यांनी असा जन्मभर हात दिला. लग्नाआधी आमच्या घरात सगळ्यांत जास्त बोलायची ती ताई. लग्नानंतर तिची वाक्यं हळूहळू आखूड होत गेली. आम्हा भावंडांना ते दिसत होतं, पण "भाऊजी म्हणजे गंमतच" म्हणून आम्ही हसायचो. मीही हसायचो. ते हसणं अलीकडे मला फार आठवतं.

गेल्या उन्हाळ्यात ताईला पक्षाघात झाला. सावंगीच्या दवाखान्यातून ती नालवाडीच्या घरी परत आली, तेव्हा उजवी बाजू लुळी होती आणि वाचा गेली होती. तिला सगळं समजतं, शब्द मात्र येत नाही. तिचं एकही वाक्य आता पुरं करता येत नव्हतं, कारण ते सुरूच होत नव्हतं. भाऊजी तिच्या पलंगाजवळ बसून "पाणी पायजे? उशी पायजे? पंखा कमी करू?" असं एकामागून एक विचारत राहायचे आणि ती नुसती पाहत राहायची. एक दिवस ते मला अंगणात घेऊन आले. म्हणाले, "साळेसाहेब, मले तुह्या ताईचा आवाज आठवून नाई राह्यला. लय जोर लावतो, पण कानात माह्याच आवाज येते. वास्तूच्या डीव्हीडीत असन ना तिचा? तू काढून दे. मंग आपन ते तिले आयकवू. आयकून आयकून बोलन ते."

मोबाइलवर ताईचे व्हिडिओ नव्हते असं नाही, पण समोर मोबाइल धरला की ती पदर तोंडाशी नेऊन हात हलवायची आणि गप्प व्हायची. कॅमेरा दिवसभर स्टँडवर चालू होता तो फक्त नालवाडीच्या घराच्या वास्तुपूजनाला. त्या पूजेची गोष्ट सांगायला हवी. ताई-भाऊजी पाटांवर बसले, शेल्याची गाठ बांधली गेली, आणि कॅमेरावाल्याला काही कळत नाही हे भाऊजींच्या ध्यानात आलं. ते उठायचे, गाठीसह ताई अर्धी ओढली जायची, गुरुजी मंत्र थांबवायचे. असं काही वेळा झाल्यावर भाऊजींनी शेला काढून पाटावर ठेवला आणि म्हणाले, "गुरुजी, तुमी चालू द्या. मी हाओच ना इथं." मग ते जे कॅमेऱ्याशेजारी जाऊन उभे राहिले ते शेवटपर्यंत. नवरा-बायकोतलं कुणी पूजेला नसलं तर त्याच्या जागी सुपारी मांडतात. गुरुजींनी यजमान चार हातांवर ओरडत उभे असताना त्यांच्या पाटावर सुपारी मांडली आणि पूजा पुरी केली. म्हणजे त्या डीव्हीडीत भाऊजी दिसतात ते सुपारीच्या रूपानं, आणि ऐकू येतात ते मात्र सगळीकडे.

ही डीव्हीडी भाऊजी आल्या-गेल्याला चहाबरोबर दाखवत. दाखवताना वरून बोलत ते वेगळंच. दसऱ्याला तराजूची पूजा व्हायची, तसं तिलाही हळदकुंकू लागायचं आणि तेही चकचकीत बाजूला. मग धुरकट दिसते म्हणून ते तिला उपरण्यानं गोल गोल पुसायचे. मी सांगितलं, "भाऊजी, मधून कडेला सरळ पुसायची असते. गोल पुसल्यानं चरे पडतात." ते म्हणाले, "गोल चीज गोलच पुसतेत." माझ्या लॅपटॉपला डिस्क घालायची सोयच नाही. ऑफिसातल्या एकाकडून वेगळा ड्राइव्ह मागून आणला आणि त्यांच्या ओसरीवर बसून काम सुरू केलं. चऱ्यांवर आलं की ड्राइव्ह घरघरत थांबायचा आणि भाऊजी त्यालाही म्हणायचे, "येऊ दे, येऊ दे."

अखेर सगळ्या फायली निघाल्या. असल्या डिस्कवर पिक्चर मोठमोठ्या तुकड्यांत असतो आणि प्रत्येक तुकड्यात चित्र आणि आवाज एकमेकांत विणलेले असतात. तुकडे जोडले, मग चित्र वेगळं केलं, आवाज वेगळा केला. ताई बोलते आहे हे चित्रात स्पष्ट दिसत होतं. ओठ हलत होते, बायका तिच्याकडे वळून पाहत होत्या. आवाजात मात्र भाऊजी. "हार दाखव हार! गुरुजीचा हात काऊन घेऊन राह्यला? झूम कर!" जिथं जिथं ताईनं तोंड उघडलं होतं, तिथं तिथं हेच. गाणी आणि बोलणं वेगळं करणारा एक प्रोग्राम मी उतरवून पाहिला. त्यानं मागची सनई काढून टाकली आणि भाऊजींना आणखी स्वच्छ करून दिलं.

"चित्र वेगळं होते तं मी काऊन वेगळा होत नाई?" भाऊजींनी विचारलं.

"दोघांचे आवाज एकाच ट्रॅकवर आहेत, भाऊजी."

"मंग माह्यावाला आवाज कापून टाक. लागतेच कायले तो?"

त्यांचं बोलणं कापून टाकायला मला आवडलं असतं. खोटं कशाला बोलू, त्या आठवड्यात मी त्यांच्यावर मनातून चिडलो होतो. पण कापलं की ताईही जायची. ते ओसरीच्या पायरीवर बसून स्वतःचा आवाज ऐकत होते. एका जागी तो आवाज ओरडतो, "हे कुठी पाह्यते? हिले काईच समजत नाई!" ते ऐकून भाऊजी उठले आणि दुपारच्या उन्हात, चप्पल न घालता, फाटकापर्यंत जाऊन आले.

आवाज सापडला तो माझ्या हुशारीनं नाही. माझ्या इअरफोनची उजवी बाजू तुटली होती आणि मी आळसानं तोच लावून बसलो होतो. डाव्या कानात भाऊजी एकदम दूर गेले, शेजारच्या घरातून ओरडावं तसे. आणि ताई जवळ आली. कॅमेऱ्याचा माइक दोन बाजूंचा असतो. भाऊजी उजवीकडे उभे होते, ताईचा पाट डावीकडे होता. एवढी साधी गोष्ट होती आणि मी आठवडाभर नाही नाही ते करत बसलो होतो.

मी भाऊजींच्या डाव्या कानात इअरफोन घातला. गुरुजी सुपारी मांडतात, आणि ताई शेजारच्या बाईला म्हणते, "हे सुपारी बरी हाये बाई. चूप तं बसते." बायका खो खो हसतात. इतकी वर्षं भाऊजी पाहुण्यांना सांगत आले होते, की गुरुजींचा मंत्र चुकला म्हणून बायका इथं हसतात. मी त्यांच्याकडे पाहायचं टाळलं. मग कुणीतरी ताईपुढे पाण्याचा पेला धरतं आणि ती म्हणते, "मले नको. अगुदर यायले नेऊन द्या. सकायपासून वरडून राह्यले, घसा बसला यायचा. उपाशी हायेत ते." याच जागी उजवीकडे भाऊजी ओरडत होते, की हिले काईच समजत नाई.

"अजून एक डाव लाव," ते म्हणाले. मी लावलं. मग पुन्हा. त्यांनी मधे एक शब्दही घातला नाही.

डावीकडचा आवाज दोन्ही बाजूंना टाकून मी चित्राशी जोडला आणि नवी डिस्क बनवली. पेनड्राइव्हवर भाऊजींचा भरवसा नाही. डिस्क लावताच दिसणाऱ्या मेनूवर आधी त्यांना घराचा फोटो, गणपती, स्वतःचं नाव असं बरंच हवं होतं. आता म्हणाले, "तिचं नाव टाक फक्त." रविवारी सकाळी ताईला उशांना टेकवून बसवलं आणि डिस्क लावली. सुपारीच्या वाक्याला ती हसली. डाव्या गालानं, पण हसली. भाऊजींनी माझ्याकडे असं पाहिलं, की अर्धी लढाई मारलीच. मग ताई टीव्हीतल्या आपल्या तोंडाकडे पाहत तोंड हलवायला लागली. एक घोगरा, बिनशब्दाचा आवाज निघाला. टीव्हीतली ताई तोवर पुढचं वाक्य बोलून मोकळी झाली होती. ताईनं पुन्हा जोर लावला. मग डाव्या हातानं चादरीवर बुक्क्या मारल्या आणि तोंड भिंतीकडे केलं. भाऊजींनी टीव्ही बंद केला. ते तिच्या पाठीवर हात ठेवून बसले आणि मी तिथं काय करावं हे न कळून ड्राइव्हची वायर गुंडाळत राहिलो. हे असं होईल, हे मला आधी सुचायला हवं होतं. मला फक्त आवाज काढता आल्याचं कौतुक वाटत होतं.

डिस्क पुन्हा लावली गेली नाही. पण भाऊजींनी ताईचा तेवढा आवाज माझ्याकडून मोबाइलमध्ये भरून घेतला. परवा मी गेलो तेव्हा ते पलंगाशेजारी खुर्चीवर बसून ताईसाठी संत्रं सोलत होते. एका कानात इअरफोन होता. बियांसकट सालं मांडीवर साठली होती. ताईनं हाताच्या खुणेनं विचारलं, काय ऐकता?

"काई नाई," भाऊजी म्हणाले. "कापसाचे भाव."

एवढंच. कुठल्या बाजारात, चढले की उतरले, शेतकऱ्यानं काय करायला पाहिजे होतं, काही नाही. त्यांनी पुढे केलेली फोड ताईनं तोंडात घेतली नाही. ती किती तरी वेळ त्यांच्या तोंडाकडे पाहत होती, ते आणखी काहीतरी बोलतील म्हणून.