मागच्या दाराची काच

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. दूधवाल्याच्या मापापासून कंडक्टरनं दिलेल्या तिकिटापर्यंत मी सगळं उलटून पालटून बघते. त्यामुळं मोठ्या बहिणीच्या लग्नात नवरदेवाकडची गाडी आमच्या दारात उभी राहिली, तेव्हा सगळा गाव तिच्या चंदेरी रंगाकडं पाहत होता आणि मी तिच्या काचांकडं. चारही काचा अगदी वरपर्यंत चढवलेल्या होत्या, आणि काच खाली करायला जी फिरवायची दांडी असते, ती एकाही दाराला नव्हती.

आमचं गाव ब्रह्मपुरीजवळचं, धानाच्या पट्ट्यातलं. तोवर आमच्याकडच्या नवऱ्या आधी बैलगाडीतून आणि नंतर जीपमधून सासरी गेल्या होत्या. जीपला बाजूनं ताडपत्री, ती वर गुंडाळली की झालं. पण आमचे नवे भाऊजी ऊर्जानगरला राहणारे, वीज केंद्रात नोकरीला. त्यांनी नागपुरातून ही गाडी जुनीच घेतली होती, तरी तिच्यात सगळं विजेवर चाले. साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, आले तेव्हा जेवणापेक्षा जास्त वेळ त्यांनी गाडीच दाखवली होती. किल्लीवरचं बटन दाबलं की पीं पीं वाजून चारही दारं एकदम उघडत. बाई, म्हणजे माझी मोठी बहीण, ओट्यावरून हसत होती. मला मात्र त्या पीं पीं आवाजाचा तेव्हाच राग आला.

इथं आमच्या घराण्याची एक रीत सांगायला हवी. लेक निघते तेव्हा तिला गाडीत बसवतात आणि आई ओंजळभर धान तिच्या ओटीत घालते. लेकीनं ते उचलून मागं न बघता बाहेर फेकायचं आणि आईनं ते पदरात झेलायचं. या घरचं खाल्लेलं लेकीनं परत केलं, आता ती इथून मोकळी झाली, तिकडं सुखानं नांदेल, असा त्याचा अर्थ. ते धान मग बियाण्यात मिसळतात. माझ्या आत्यांनी फेकलं, आईनं तिच्या माहेरी फेकलं नव्हतं कारण तिकडं ही रीतच नाही, म्हणून की काय, आईचा या रीतीवर सगळ्यांहून जास्त जीव.

बाई मागच्या सीटवर आमच्या बाजूला बसली, पलीकडं भाऊजी. गाडी चालवायला भाऊजींचा मित्र आला होता. तो इंजिन चालूच ठेवून उतरला, चाकाखाली लिंबू ठेवलं आणि गाडीपुढं नारळ फोडायला लागला. नारळ काही केल्या फुटेना. लोक हसत होते, मी ताट घेऊन त्याच्याजवळच उभी होते. तेवढ्यात आई ओंजळ घेऊन मागच्या खिडकीशी आली. बाईनं दारातल्या बटनावर बोट ठेवलं. काच घूं करत दोन बोटं खाली आली आणि तशीच परत वर गेली.

"कर नं व खाली," आई म्हणाली.

बाईच्या डोळ्यांना धार लागली होती. बोट बटनावर होतं आणि काच जागची हलत नव्हती. आई काचेला ओंजळ लावून उभी. थोडं धान काचेवरून घरंगळून धुळीत पडलं. भाऊजी पलीकडचं दार उघडून उभे राहिले आणि गाडीच्या टपावरून म्हणाले, "बटन बिघडलं वाटते, माय. या गाडीचं थेच एक बटन धड नाई."

"मंग दार उघडा नं!" मी ओरडले. पण तेवढ्यात नारळ फुटला, त्यांच्याकडचे लोक वेळ टळते म्हणून घाई करू लागले, मित्र येऊन बसला आणि गाडी निघाली. कोपऱ्यावरच्या चिंचेपर्यंत गेली असेल, तोच चारही दारांतून एकदम खट असा आवाज आला. आईनं माझा हात धरला. "कोंडलं व पोरीले," ती म्हणाली.

गाडीनं वेग घेतला की दारं आपोआप बंद होतात, हे मला पुढं कळलं. पण तो खट आवाज आईच्या मनातून गेला नाही. उरलेलं धान तिनं फडक्यात बांधलं आणि पुरचुंडी खुंटीला टांगली. ते बियाण्यातही घालता येईना, शिजवताही येईना. लेक मोकळी न होताच गेली, म्हणजे ती तिकडं सुखात नसणार, असं तिनं धरून ठेवलं. आता तिला एकच जाणून घ्यायचं होतं: पोरगी तिथं स्वतःच्या मर्जीनं राहते की तिला डांबून ठेवलंय?

आणि हे शोधून काढायचं काम आपलंच, असं मी ठरवून टाकलं.

पहिल्या सणाला दोघं आली. गाडी थांबली, भाऊजी उतरले, बाई आतच. आतून ती दाराची कडी ओढत होती आणि दार उघडत नव्हतं. भाऊजी फेरी मारून आले, बाहेरून दार उघडलं, तेव्हा ती उतरली. माझ्या मनात पाल चुकचुकली. भाऊजी म्हणाले, ज्यानं गाडी विकली त्याची लेकरं लहान होती, ती चालत्या गाडीत दार उघडू नयेत म्हणून दाराच्या कडेला एक खटका असतो, तो या एका दाराचा तसाच राहून गेला. बरं, लेकरं त्याची, मग खटका माझ्या बहिणीला कशाला? त्या दिवसापासून भाऊजींना वाढताना माझ्या हाताचं तूप आपोआप कमी झालं.

त्याच संध्याकाळी गाडी बंद करून ते घरात आले, तरी गाडीतला दिवा जळतच होता. आई खिडकीतून बघत होती. "आत कोन बसून आहे व?" असं ती मला विचारते न विचारते तोच दिवा हळूहळू मंद होत विझला. दार लावल्यावरही तो थोडा वेळ राहतो, उतरणाऱ्याला उजेड मिळावा म्हणून, असं भाऊजींनी मोठ्या हौसेनं समजावलं. आईनं मान डोलावली. पण नंतर चुलीपाशी मला म्हणाली, "बंद केल्यावरही चालू राह्यते म्हणते. अशा वस्तूचा काय भरोसा?" मला तिचं म्हणणं सोळा आणे पटलं.

खरी खटकणारी गोष्ट वेगळीच होती. निघताना बाईनं मागच्या दाराची काच खाली केली आणि हात हलवला. काच लोण्यासारखी खाली आली. म्हणजे बटन बिघडलेलं नव्हतंच! दुरुस्त केलं का, असं मी विचारलं, तर भाऊजी "हं, हं" करत किल्ली शोधायला लागले. किल्ली त्यांच्या हातात होती. हा माणूस खोटं बोलतो, ही माझी खात्री झाली, आणि सांगून टाकते, ती खात्री चुकीची नव्हती.

मी तेव्हा ब्रह्मपुरीला कॉलेजात जायची. बसस्टँडजवळ एका चाचांचं गाड्यांच्या बॅटरी आणि वायरिंगचं दुकान होतं. एक दिवस सरळ जाऊन विचारलं, "चाचा, मागं बसलेल्या मानसाले काच उघडताच येऊ नये, असं करता येते काय?"

चाचा एका गाडीच्या दाराचा पत्रा काढून बसले होते. "होते नं बेटा. ड्रायव्हरच्या दारात चारी काचांचे बटनं राह्यते, अन् बाजूले एक लॉकचं. थे दाबलं का मागचे बटनं मुर्दा. काऊन, गाडी घेतली काय?"

"नाई, बहिणीची आहे."

मग त्यांनी हौसेनं दारातली मोटर दाखवली. बटन पुढून दाबलं की काच खाली, मागून उचललं की वर. करंट उलटा गेला की मोटर उलटी फिरते, एवढंच ते. पण मी पहिल्या वाक्यालाच थांबले होते. सगळी सत्ता ड्रायव्हरच्या दारात! बसमध्ये बसून मी घरी येईपर्यंत भाऊजींचा कट माझ्या डोक्यात पूर्ण तयार झाला होता. आमची रीत त्यांना गावठी वाटली, चकाचक गाडीत धान सांडायला नको होतं, म्हणून त्यांनी मित्राला आधीच सांगून ठेवलं. आईला हे सगळं जसंच्या तसं सांगितलं. आईनं खुंटीवरची पुरचुंडी काढून ऊन दाखवून परत टांगली.

पुढं दर वेळी बाई निघाली की आई पुरचुंडी काढायची. रीत गाडीतून निघतानाच व्हायला हवी, आणि दर वेळी काहीतरी आडवं यायचं. एकदा पाऊस, एकदा गाडीत सासरची माणसं. एकदा तर सगळं जुळून आलं, आई पुरचुंडीची गाठ सोडत होती, आणि बाईच म्हणाली, "राहू दे माय, पुढच्या बारीले." मी भाऊजींकडं रोखून पाहिलं. त्यांच्या धाकानंच ती असं म्हणते, दुसरं काय! तिचा चेहरा भरलेला होता, अंगावर तेज होतं, क्वार्टरच्या मागं वांगी लावलीत म्हणून ती तासभर बोलली होती. हे सगळं मला दिसत होतं. पण संशयाला लागलेल्या माणसाला हसणारी बहीणसुद्धा पढवून आणल्यासारखी वाटते.

मग एका उन्हाळ्यात संधी मिळाली. बाई निघायला बसली होती. ऊन मरणाचं, म्हणून भाऊजींनी इंजिन आणि एसी चालू ठेवला आणि ते तांदळाचा कट्टा आणायला घरामागं गेले. आई आत पुरचुंडी काढत होती. मी ड्रायव्हरच्या जागेवर जाऊन बसले आणि दार लावून घेतलं. चारही काचांची बटनं समोर होती, बाजूला लॉकचं. चाचांनी सांगितलं होतं तस्संच. मी लॉक दाबलं.

"बाई, काच खाली कर."

तिनं बटन दाबलं. काच हलली नाही.

"पायलं?" मी मागं वळून म्हणाले. "असं केलं व त्यायनं लग्नाच्या दिवशी! माय रोज झुरून राह्यली, अन् तू या मानसाच्या भेवानं बोलत नाई. आता तरी सांग."

बाईनं उलट मलाच विचारलं, "त्या दिवशी काच दोन बोटं खाली आली होती का नाई?"

"आली होती."

"लॉक असतं तं हालली असती काय?"

मी समोरच्या बटनांकडं बोट केलं. "तं मंग पुढून चढवली असन. ड्रायव्हरनं."

"ड्रायव्हर कुठी होता?"

ड्रायव्हर गाडीपुढं नारळ फोडत होता. मी ताट घेऊन त्याच्याशेजारी उभी होते. पुढं कोणीच नव्हतं. इंजिन चालू होतं आणि बाईचं बोट बटनावर होतं, ते सगळ्या गावानं पाहिलं होतं. ते बोट बटन दाबत नव्हतं. उचलून धरत होतं.

"बाई..."

"थे धान फेकलं का मी मोकळी झाली असती," ती म्हणाली. "मले मोकळं व्हाचं नव्हतं. मले या घरचीच राहाचं होतं. बटन दाबलं तं खरं, पन मायची ओंजळ पायली अन् हात उलटाच झाला."

"अन् भाऊजी?"

"त्यायनं माहं बोट पायलं. मले वाटलं आता सांगते. तं उतरून म्हणते कसे, बटन बिघडलं." ती हसली आणि तिचे डोळे भरले. "या गाडीले कोनी नावं ठेवली तं रात्री जेवत नाई थो मानूस. मायले सांगू नको. थे म्हणन पोरीचं मन तिकडं लागत नाई. लागते व. दोन्हीकडं लागते."

मला रडू आलं, आणि रागही आला, आणि राग नेमका कोणावर काढायचा हे कळेना. इतकी वर्षं मी त्या माणसाच्या पानात तूप कमी वाढत होते. आई दारातून येताना दिसली तसं मी लॉकचं बटन परत दाबून सोडवलं.

आईनं खिडकीशी येऊन पुरचुंडीची गाठ सोडली. बाईनं काच पूर्ण खाली केली. वर्षानुवर्षं खुंटीला टांगलेलं धान आईनं तिच्या ओटीत घातलं आणि पदर पसरून दोन पावलं मागं सरली. बाईनं ओटीतलं धान मुठीत घेतलं. मूठ थोडा वेळ तशीच धरली. मग परत ओटीत सोडली, आणि बटनावर बोट ठेवलं. काच घूं करत वर गेली.

आई पदर पसरून उभीच. तिनं आधी काचेकडं पाहिलं, मग माझ्याकडं. ड्रायव्हरच्या जागेवर मीच बसलेली होते.

मी घाईनं दार उघडलं. "माय, बटन बिघडलं व!"

भाऊजी तांदळाचा कट्टा खांद्यावर घेऊन तिथंच येऊन थांबले होते. आई त्यांना म्हणाली, "जवाईबापू, थे बटन एकदाचं नागपूरले नेऊन नीट करून आना नं."

त्यांनी काचेतून बाईच्या ओटीकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं. कट्टा खाली ठेवला.

"नेतो माय," ते म्हणाले. "या गाडीचं थेच एक बटन धड नाई."